सात वाक्यं

भेटायला येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढताच विचारायचा, "कसं काय झालं हो?"

विचारायची रीतच आहे. काही न विचारता नुसतं बसून उठलं तर बरं दिसत नाही. आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्यानं सांगायचं, हीही रीतच. उर्मिला गेली त्यानंतर तेरा दिवस हितेंद्र सांगत होता. सकाळी गिरगावातले शेजारी, दुपारी दादरचे नातेवाईक, संध्याकाळी जुन्या ऑफिसातले. पहिल्या दिवशी त्याला सांगताना मध्येच थांबावं लागायचं. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत थांबायची गरज उरली नाही.

रविवार होता. सव्वाचारच्या सुमारास मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. ती समोर टेबलाशी वाल सोलत बसली होती. सोलता सोलता म्हणाली, अहो, मला कसंतरीच होतंय. मी लगेच उठलो. तिला पाणी दिलं आणि खाली जाऊन टॅक्सी आणली. पण हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

एवढंच. सात वाक्यं. ऐकणारा मान हलवायचा, "तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत," म्हणायचा आणि चहा नको म्हणत चहा घ्यायचा. लोक गेल्यावर हितेंद्रला त्या एका वाक्याचा आधार वाटायचा. बाकी काही हातात राहिलं नव्हतं, पण तो लगेच उठला होता.

उर्मिला पौषात गेली. फाल्गुन संपत आला तेव्हा एका दुपारी समोरच्या ब्लॉकमधल्या आनंदीबाई वाटीभर डाळिंब्यांची उसळ घेऊन आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत.

"खा गरम आहे तोवर. तिच्या हातची नाही लागायची, ते मला सांगू नकोस."

हितेंद्रनं दोन घास घेतले आणि म्हणाला, "तिचे शेवटचे वाल अर्धेच सोलून झाले होते. पातेलीत तसेच पडले होते."

"कुणाचे?"

"उर्मिलाचे. त्या रविवारी."

आनंदीबाईंनी चष्मा वर सरकवला. "अरे, ते तिनं कुठे सोलले? मी सोलले. सोमवारी."

"नाही हो. मी समोर होतो."

"समोर होतास, पण माझ्या. शनिवारी रात्री भिजत घातले होते तिनं. रविवारी सकाळी फडक्यात बांधले, गॅलरीतून मला सांगत होती. पौषातली थंडी, मोड यायला दुसरी रात्र जावी लागते. मोड न आलेला वाल सोलून बघ एकदा, नख मोडेल. सोमवारी ओट्यावर ते गाठोडं दिसलं. एवढे एवढे मोड. टाकवेनात मला. इथंच या टेबलाशी बसून सोलले आणि घरी नेले. तू या खुर्चीत होतास. माझ्या हातांकडे असा टक लावून बघत होतास की मलाच भीती वाटली."

हितेंद्रनं घास गिळला. त्याला पातेली दिसत होती, गरम पाण्यातले वाल दिसत होते, अंगठ्यानं दाबल्यावर साल सुटून डाळिंबी बाहेर उडी मारते तेही दिसत होतं. आणि ते हात उर्मिलाचे होते. तिची अंगठी होती बोटात.

"मग तेरा दिवस तुम्ही इथं बसून ऐकत होतात. बोलला का नाहीत?"

"दुःखात कुठे वालांवरून भांडायचं? आणि खरं सांगू का, ऐकून ऐकून मलाही तसंच दिसायला लागलं होतं. आज तू पातेलीचं बोललास म्हणून आठवलं. पातेली माझी होती."

हितेंद्रनं वाटी खाली ठेवली. "आनंदीबाई, मी लगेच उठलो होतो ना?"

"म्हणजे काय. लगेच उठलास, पाणी दिलंस, टॅक्सी आणलीस."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी कुठून पाहणार? मी त्या दिवशी दुपारी भाचीकडे वडाळ्याला होते." त्या थोड्या गोंधळल्या. "पण दिसतं बघ डोळ्यांसमोर."

त्या गेल्यावर हितेंद्रला कोर्टातले साक्षीदार आठवले. चौतीस वर्षं त्यानं कोर्टात साक्षी टाइप केल्या होत्या. भाडेकरूंच्या, घरमालकांच्या, शेजाऱ्यांच्या. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागे जातो, "नाही, थांबा, ते आधी झालं" म्हणतो. पढवून आणलेला साक्षीदार उलटतपासणीत तीनदा विचारलं तरी तीच वाक्यं त्याच क्रमानं बोलतो. असा साक्षीदार उभा राहिला की हितेंद्रला टाइप करायला सोपं जायचं. तिसऱ्या वेळी बोटं न ऐकताच चालायची.

आता त्याची स्वतःची सात वाक्यं तशीच होती. एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता.

संध्याकाळी त्यानं मधुराला फोन केला. त्याची एकुलती एक मुलगी दादरला राहायची आणि कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. त्यानं तिला फक्त वालांचं सांगितलं.

"होतं असं, बाबा," ती म्हणाली. तिच्याकडे मागे कुकरची शिट्टी होत होती. "आठवण म्हणजे काही कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आपण दर वेळी ती नव्यानं रचतो. थोडं घडलेलं, थोडं नंतर पाहिलेलं, थोडं दुसऱ्यानं सांगितलेलं. आणि रचलेलीच परत ठेवून देतो. पुढच्या वेळी तीच हाताला लागते."

"मग आधीची कुठे जाते?"

"आधीची अशी वेगळी राहिलेली नसते बहुधा."

"आणि जी शंभर वेळा काढली ती?"

"ती आपल्याला सगळ्यात पक्की वाटते. म्हणून ती सगळ्यात खरी असते असं मात्र नाही." मग तिचा आवाज बदलला. "पण तू हे का उकरून काढतोयस? वाल कुणी सोलले यानं काय फरक पडतो?"

"काही नाही. सहज."

पण सहज नव्हतं. त्या दिवसापासून हितेंद्रला भीती वाटू लागली, आणि ती अशी की कुणाला सांगायची सोय नव्हती. लोकांना बायकोच्या आठवणी येतात म्हणून त्रास होतो. त्याला आठवण काढायचीच भीती बसली. चाळीस वर्षांपूर्वी हँगिंग गार्डनमध्ये ती छत्री विसरली होती ते आठवायला लागलं की तो घाईनं उठून नळ सोडायचा, रेडिओ लावायचा. एकदा आठवलं की काहीतरी झिजणार, काहीतरी चिकटणार. कपाटातल्या साड्यांकडे त्यानं बघणं सोडलं. रात्री पडल्यावर तिचा आवाज कानात येऊ लागे आणि हा आवाज तिचा की आपलाच, असा संशय यायचा. मग तो उठून दिवा लावायचा. एकटाच माणूस, कुणाला उठवणार?

आणि या सगळ्याच्या तळाशी ते पाचवं वाक्य होतं. वाल खोटे निघाले. मग पुढचं काय?

रविवारी जेवून तो नेहमीसारखा आतल्या खोलीत आडवा झाला. दोन वाजले होते. डोळा लागता लागता तो दचकून उठून बसला.

रविवारी दुपारी तो झोपतो. नोकरीत होता तेव्हापासून, दोन ते साडेचार. पेपर तो सकाळीच वाचून संपवतो. मग त्या रविवारी सव्वाचारला तो बाहेर पेपर घेऊन कसा बसला होता?

त्यानं आठवून पाहिलं. खुर्ची दिसली, पेपर दिसला, शेवटचं पान वर केलेलं. सगळं लख्ख. वालांइतकंच लख्ख.

दुसरी एक गोष्ट त्याला ठाऊक होती, आठवणीतून नव्हे, नेहमीच्या शिरस्त्यातून. रविवारी सकाळी शैला मासे घेऊन यायची. शीव कोळीवाड्याची, तीस वर्षांची ओळख. गिरगावातली घरं फिरून झाली की घरी जाताना साडेतीनच्या सुमारास रिकामी टोपली दाराशी ठेवून ती स्वयंपाकघरात उर्मिलाबरोबर चहा घ्यायची. हितेंद्र तेव्हा झोपलेला असायचा. कधी कधी झोपेत त्यांचं हसणं ऐकू यायचं.

शैला भेटायला आली नव्हती. सुतकात घरात मासे शिजत नाहीत, म्हणून तिची खेप बंद. पुढेही ती आली नाही आणि हितेंद्रच्याही ते ध्यानात आलं नाही. म्हणजे त्या तेरा दिवसांत तिनं त्याची सात वाक्यं ऐकलेली नव्हती. अशी ती एकटीच उरली होती.

तीन दिवस तो जाऊ की नको करत राहिला. न गेलं तर निदान ते वाक्य राहील. चौथ्या दिवशी सकाळी बसमध्ये बसला. शीवला उतरून कोळीवाड्यात विचारत विचारत गेला.

शैला ओट्यावर सुकट निवडत होती. त्याला पाहून तिनं पदर सारखा केला आणि हात पुसत उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही? फोन करायचा की. बसा. मी यायला पाहिजे होतं, मला कळतंय. आलेवते मी दुसऱ्या रविवारी. गेटावर वॉचमननं सांगितलं. तशीच मागे फिरले. पुढे म्हटलं, आता त्या घरात मासे करणार कोण? तुम्हाला तर अंडंसुद्धा उकडता येत नाही, वैनी सांगायच्या."

"अजून येत नाही," हितेंद्र म्हणाला. साक्षीदाराला उत्तर सुचवायचं नसतं, एवढं तो कोर्टात शिकला होता. "शैला, त्या रविवारी तू चहाला आली होतीस?"

"आलेवते."

"काय झालं ते सांग. मी मध्ये बोलणार नाही."

तिनं सुपाकडे बघत सांगायला सुरुवात केली. "साडेतीन झाले असतील. वैनींनी मला चहा दिला, स्वतः नाही घेतला. मी म्हटलं का हो? तर म्हणाल्या, जबडा दुखतोय सकाळपासून, पाठ भरून आलीय. कपाळावर घाम. एवढ्या थंडीत. मी म्हटलं, भाऊंना उठवा. त्या नको नको करत होत्या. मग गेल्या आत. परत आल्या, म्हणाल्या, उठतायत, पाच मिनिटं म्हणाले." ती थांबली. "मग मी कप विसळला. थोडा वेळ बसले. वैनीच म्हणाल्या, तुझी बस जाईल, जा तू. मी निघाले."

"किती वाजता?"

"चार. तुमच्या जिन्यात होते, कुणाच्या तरी घरात घड्याळाचे टोले पडले."

हॉस्पिटलच्या कागदावर पोचल्याची वेळ चार पन्नास होती. टॅक्सीला दहा मिनिटं. हितेंद्रला हिशेब करायचा नव्हता, पण तो आपोआप झाला.

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगणार? पण मनात रोज चालतं, भाऊ. मी थांबायला पाहिजे होतं. कधी कधी तर मी आत येऊन तुम्हाला हलवून उठवते, असंसुद्धा दिसतं मला. दार ढकलते, तुम्हाला हाक मारते." तिनं डोळे पुसले. "ते मात्र नाही झालं. मी नाही आले आत. बहुतेक नाहीच."

हितेंद्र त्या "बहुतेक"पाशी अडकला. तिनंही रोज काढून काढून ती दुपार झिजवली होती.

आणि तेवढ्यात त्याला दिसलं. खोलीत पडद्यामुळे अंधार. खांद्यावर उर्मिलाचा हात. "अहो, उठता का जरा?" आणि त्याचा स्वतःचा झोपेतला आवाज, भिंतीकडे वळताना, "पाच मिनिटं." तिच्या बांगड्यांचा आवाज झाला, तोही ऐकू आला. एक क्षणापूर्वी हे नव्हतं. आता ते इतकं स्पष्ट होतं की नाकारता येत नव्हतं. ते आतून वर आलं होतं, की शैलाच्या बोलण्यातून आत्ता इथं ओट्यावर तयार झालं होतं? कुठेतरी जोड दिसेल म्हणून त्यानं शोध शोध शोधलं. जोड दिसला नाही.

"भाऊ, पाणी देऊ? चेहरा कसा झालाय तुमचा."

"नको. निघतो मी."

तिथून तो सरळ टॅक्सीनं दादरला आला. मधुरा नुकतीच कॉलेजातून आली होती. तिचा नवरा विक्रांत ऑफिसात होता. घरात दोघंच.

"असा न सांगता? जेवलायस का?"

"मधुरा, त्या दिवशी हॉस्पिटलात तू आलीस तेव्हा मी तुला पहिलं काय सांगितलं?"

"आधी जेवून घे."

"काय सांगितलं?"

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. लहानपणी खोटं बोलताना फ्रॉकचा पट्टा गुंडाळायची.

"तू रडत होतास. नीट कळत नव्हतं."

"शैलाकडे जाऊन आलोय मी."

मधुरा खाली बसली. खुर्चीवर नव्हे, तिथंच उंबऱ्याशी.

"तू म्हणालास, मी झोपलो होतो. तिनं उठवलं आणि मी परत झोपलो. हेच म्हणत होतास सारखं, मोठ्यानं. आणि अण्णामामा जिना चढून येत होता. त्याचा आवाज ऐकला मी. बाबा, तुला माहितेय तो कसा आहे. आजीच्या वेळी डॉक्टर उशिरा बोलावला म्हणून सख्ख्या धाकट्या भावाशी बावीस वर्षं बोलला नाही. मला वाटलं, आज आई गेली, आणि आता हा माणूस तुला उभा चिरेल." तिनं स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "मी तुझी मनगटं धरली. म्हटलं, बाबा, तू लगेच उठलास. कुणी विचारलं तर असंच सांगायचं. तुझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं."

हितेंद्र ऐकत होता. मनगटं, जिना, अण्णांचा आवाज. त्यातलं काहीही त्याला आठवत नव्हतं. वालांच्या वेळी खोटं का होईना, काहीतरी दिसत होतं. इथं नुसता काळोख होता.

"मला आठवत नाही हे," तो म्हणाला. "मधुरा, अजिबात आठवत नाही."

"मला वाटलं, तू मला सांभाळून घेतोयस. चार दिवसांनी लक्षात आलं की तुला खरंच तसं वाटतंय." तिनं ओढणीचं टोक बोटावरून सोडवलं. "मी हे वर्गात शिकवते, बाबा. साक्षीदाराला एक वाक्य दिलं की काय होतं, ते मुलांना फळ्यावर लिहून देते. आणि तुला रोज ते सांगताना ऐकत होते. लोक म्हणायचे, तुम्ही सगळं केलंत. तुला बरं वाटायचं. मग मी कशी बोलणार होते?"

"किती वेळ? म्हणालो होतो का, किती वेळ झोपलो?"

"अर्धा तास म्हणालास." मग ती म्हणाली, "असं मला वाटतं. आता मलाही खात्री नाही. मीसुद्धा खूप वेळा आठवलंय ते."

अर्धा तास की पाच मिनिटं की पाऊण तास, हे आता जगात कुणालाच माहीत नव्हतं. ज्या एका माणसाला पक्कं माहीत होतं ती गेली. वेळेवर उठलो असतो तर ती वाचली असती का, हेही कुणी सांगू शकणार नव्हतं. एवढं मात्र खरं होतं की तिनं उठवलं होतं.

हितेंद्र उठला. "अण्णांना सांगून येतो."

"आज? बाबा, नको. तो ऐकून घेणार नाही. उद्या जाऊ, विक्रांत येईल बरोबर."

"उद्यापर्यंत हे बदलेल. आत्ताच त्याच्या भोवती काहीबाही जमायला लागलंय. मघाशी टॅक्सीत मला वाटलं, मी 'पाच मिनिटं' नव्हतो म्हणालो, 'आलोच' म्हणालो होतो. बघ, लगेच सोयीचं होतंय."

अण्णा दोन गल्ल्या सोडून राहायचे. मधुरानं पायांत चपला सरकवल्या आणि त्याच्याबरोबर निघाली. रस्त्यात फुलवाल्यांची गर्दी होती. ती वाट काढत पुढे चालत होती आणि मध्येच वळून म्हणाली, "काय सांगणार आहेस ते मला एकदा म्हणून दाखव. म्हणजे तिथं अडखळणार नाहीस."

"नको."

"अरे, पण—"

"एकदा म्हणून दाखवलं की ते तसंच बसेल. अडखळू दे."

दुसऱ्या मजल्यावर अण्णांचं दार. आत टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. हितेंद्रनं बेलचं बटण दाबलं. तोंडातून काय बाहेर पडेल, याचा त्याला भरवसा नव्हता. मधुरानं त्याची बाही धरली होती. आत टीव्हीचा आवाज कमी झाला आणि अण्णांची पावलं दाराकडे यायला लागली.